दिवसाची झोप

सून पायात चपला सरकवून, पर्स खांद्याला अडकवून दारात उभी होती आणि निघता निघता तिनं फोरमनच्या कानाकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, त्यांच्या हातातल्या बाळाकडे नाही, कानाकडे. पापणी लवते तेवढाच वेळ. मग "येते बाबा" म्हणाली, ठकूच्या टाळूवरून बोट फिरवलं आणि जिना उतरून गेली. दार लागलं. फोरमन पाच महिन्यांच्या नातीला खांद्यावर घेऊन तिथंच उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपलं काळीज धाडधाड उडतंय. भीती म्हणावी तर ती भीती नव्हती. छापखान्यात नवं यंत्र पहिल्यांदा चालू करायच्या आधी बाकीची माणसं दोन पावलं मागे सरकायची, तेव्हा बटणावर टेकवलेल्या अंगठ्यात जे व्हायचं, ते आत्ता सगळ्या अंगात होत होतं. सत्तरीला टेकलेल्या माणसाला असं व्हावं याचं त्यांना हसू आलं, आणि हसू आलं म्हणून ठकूनं त्यांच्या गळ्याशी डोकं घासलं.

खरं तर आज त्यांच्यावर ही वेळ यायचीच नव्हती. सगळं ठरलेलं होतं. रजा संपून सून कामावर जाणार, आणि तिची आई, म्हणजे विहीणबाई, पहिले दोन महिने रोज सकाळी येऊन बसणार. फोरमननी फक्त दार उघडायचं आणि दूध गरम करायचं. पण पावणेनऊला विहीणबाईंचा फोन आला, जिन्यावरून पाय मुरगळला, घोटा टम्म फुगलाय. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर, सकाळी सातपासून कुठल्या तरी दहा मजली इमारतीच्या तळाशी खड्ड्यात उतरलेला, तिथं फोन लागेना. आणि सून कोर्टात लघुलेखक. ती टेबलाशी बसल्याशिवाय साक्षीदारानं तोंड उघडायचं नाही, अशी तिची जागा. ती चपला काढायला लागली. तेव्हा फोरमन म्हणाले, "तू जा. मी आहे ना." आणि मग ते कानाकडे पाहणं झालं.

तिचं चुकलं असं फोरमनच्या मनात आलं नाही. वर्तमानपत्राच्या छापखान्यात छत्तीस वर्षं, शेवटी फोरमन म्हणून, छपाईच्या यंत्राच्या कुशीत काढल्यावर डावा कान गेलाच होता आणि उजव्यात उरलं होतं ते उष्ट्यासारखं, थोडंसं, तेही कानातलं यंत्र लावलं तर. ते यंत्र जरा हललं की शिटी मारायचं, म्हणून दुपारी पेपर वाचताना ते काढून बशीत ठेवत. महिन्यापूर्वी असेच वाचत बसले होते. सून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती, तिला वाटलं बाबा आहेत. बाबा होते. आतल्या खोलीत ठकू रडून रडून निळी व्हायची वेळ आली आणि बाबा भिंतीच्या अलीकडे चष्मा सारखा करत पुढचं पान उलटत होते. सून धावत आली, त्यांच्यासमोरून गेली, ठकूला उचलून परत त्यांच्यासमोरून गेली. कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं, समजूतदारपणाला काय उत्तर देणार? त्यानंतर दोनच दिवसांनी विहीणबाईंचं यायचं ठरलं. आणि तेव्हाच कधीतरी, जेवताना, मुलानं बायकोला काहीतरी म्हटलं होतं. घास पुढे करता करता त्याचे ओठ फोरमनना दिसले, आणि छापखान्यात राहून ओठ वाचायला कोण शिकत नाही? बाबांच्या भरवशावर नको. त्यावर सून म्हणाली होती, नाही जमलं तर आठवड्यात राजीनामा देते. फोरमननी भाजी मागून घेतली होती.

सुनेनं जाण्याआधी कागदावर लिहून ठेवलं होतं, टपोऱ्या अक्षरात, वर रेघ मारून. जागी झाल्यापासून दोन तासांच्या आत झोपवायचं. कान ओढायला लागली, भुवया लाल झाल्या, एकटक भिंतीकडे बघायला लागली की समजायचं. उशीर झाला तर मग झोपत नाही, नुसती चिडते. पाठीवर झोपवायचं. पांघरूण, उशी, खेळणं काही ठेवायचं नाही. आणि सगळ्यात खाली, पेन जरा दाबून, दिवसा ती फक्त माझ्याजवळच झोपते. हे शेवटचं वाक्य सूचना नव्हती. ते लिहायच्या आधी ती थांबली असणार, हे शाईच्या ठिपक्यावरून दिसत होतं. फोरमननी कागद दोनदा वाचला, मग कामाचं वेळापत्रक डकवत तसा फडताळाच्या दारावर चिकटवला. ठकू साडेआठला उठली होती. म्हणजे साडेदहा. त्यांनी कानातलं यंत्र लावून घेतलं, नीट, दाबून, आणि ते गोड बोलू लागले. ठकूनं त्यांच्या नाकाला हात घातला. तिला पंखा दाखवला, नळ दाखवला, खिडकीतून खालचा चांभार दाखवला. साडेनऊला बाटलीतलं दूध पाजलं. तिनं ते इतकं गटागटा प्यायलं की त्यांना उगाचच आपलं कौतुक झाल्यासारखं वाटलं.

दहा वाजून दहा मिनिटांनी ठकूनं कान ओढला. फोरमन ताडकन उठले. खरोखरच ताडकन, गुडघा कळवळला तरी. तिला खांद्यावर घेऊन ते येरझाऱ्या घालू लागले, जशी सून घाले तशा. थोपटू लागले, जसं सून थोपटे तसं. एक गाणं होतं, त्याच्या दोनच ओळी येत होत्या, त्या सात वेळा म्हणून झाल्या. ठकू आधी कुरकुरली, मग पाठीची कमान करून ताठली, मग रडायला लागली, आणि तिच्या रडण्याबरोबर कानातलं यंत्र शिट्या मारायला लागलं. एका कानात शिटी, दुसऱ्यात पोकळी, आणि खांद्यावर ही एवढीशी, लाल, घामेजलेली. दहा वाजून पंचवीस. सुनेचा कागद फडताळावरून बघत होता. फोरमनना वाटलं आता आपण फोन करावा. कोणाला? विहीणबाईंना, ज्यांना उठता येत नाही? सुनेला, जी या घटकेला कोणाच्या तरी शपथेवरचे शब्द टिपतेय? आणि काय सांगायचं? बहिऱ्या माणसानं फोनवर विचारायचं तरी काय, आणि उत्तर ऐकायचं कोणी? त्यांनी कानातलं ते शिटी मारणारं यंत्र उपटून काढलं आणि बशीत टाकलं.

आणि मग, एकदम, शांत. म्हणजे त्यांच्यापुरतं शांत. ठकूचं तोंड उघडं होतं, ती रडत होती, पण ते रडणं आता त्यांना दुसरीकडून येत होतं, गळ्याच्या हाडातून, जिथं तिची छाती टेकली होती तिथून. ते बारीक थरथरत होतं. आणि त्या थरथरीत काहीतरी होतं जे फोरमनना कळत होतं. हे त्यांना अगदी स्वच्छ कळत होतं. छापखान्यात नवी पोरं कान देऊन ऐकायची आणि बिघाड कुठे ते त्यांना सांगता यायचं नाही. फोरमन यंत्राच्या अंगावर नुसता तळवा ठेवायचे आणि म्हणायचे, तिसऱ्या रुळाचं बेअरिंग कोरडं पडलंय. साहेब लोक हसायचे, मग झाकण उघडून बघायचे, मग त्यांचं हसणं बंद व्हायचं. त्यांनी तळवा ठकूच्या पाठीवर सपाट ठेवला. थोपटलं नाही, चोळलं नाही. रडणं वर होतं, खांद्यांत. खाली, कमरेशी, पोर दमून गेली होती. तिला झोप आली होती, सपाटून आली होती. ती झोपेवर नव्हती चिडलेली. ती त्यांच्या त्या सगळ्या हलवाहलवीवर चिडली होती.

ते थांबले. खोलीच्या मध्यावर, खांबासारखे. आणि थांबल्याबरोबर त्यांना आठवलं, आठवलं म्हणण्यापेक्षा अंगावर आलं, की या घरात दिवसा झोपायचं कसं हे जर कोणाला ठाऊक असेल तर ते आपल्याला. बाकी कोणाला असणार? छत्तीस वर्षं ते रात्रपाळी करून सकाळी आठला याच घरात येत, याच आतल्या खोलीत पडत आणि चारला उठत. जग उजेडात असताना झोप कशी चोरावी लागते, ती पापणीपर्यंत येऊन कशी परत जाते, कुठली फट तिला घालवते, हे त्यांना जितकं माहीत होतं तितकं कुठल्या डॉक्टरालाही माहीत नसेल. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. गुलाबी पडदा, पातळ, मधून ऊन सरळ ठकूच्या छोट्या पलंगाच्या कठड्यावर. हे असं कोण झोपेल? एका हातानं ठकूला धरून त्यांनी दुसऱ्या हातानं जाड घोंगडी काढली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पडद्याच्या दांडीला लावली. चार चिमटे, वरच्या कोपऱ्यात दोन, कारण तिथूनच उजेड शिरतो. बायको असंच करायची. ती जाऊन चार वर्षं झाली होती. ती चिमटे लावत असताना फोरमन पलंगावर असायचे, डोळे मिटून, म्हणून त्यांनी हे पाहिलं नव्हतं, तरी हात कसा कोण जाणे तिथं बरोबर गेला.

खोली काळोखली. ठकूचं रडणं एक पायरी उतरलं, त्यांना ते हाडात कळलं. फोरमनच्या अंगात आता नुसती वीज खेळत होती. आणखी काय? आणखी काय होतं तेव्हा? शांतता, असं कोणीही सांगेल. घरात सगळे चिडीचूप असत, पोरगा शाळेतून आला तरी पावलाचा आवाज नाही. पण थांबा, ते तितकंसं खरं नव्हतं. बायको माहेरी गेली की घरात कोणी नसे, टाचणी पडली तर ऐकू यावी असं, आणि त्या दिवसांत फोरमनना मुळीच झोप यायची नाही. आढ्याकडे बघत पडायचे. ती परत आली की बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र घेऊन बसायची, लोकांचे कपडे शिवायची, आणि त्याची ती घरघर भिंतीतून, फरशीतून, पलंगाच्या पायातून त्यांच्या पाठीत यायची. तिला वाटायचं आपण त्यांची झोप मोडतोय. एकदा म्हणाली होती, रात्री शिवत जाईन. त्यांनी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. शीव तू, मला त्यावरच झोप लागते, एवढं साधं वाक्य त्यांना तेव्हा सुचलं नव्हतं. आता सुचलं, आणि सुचल्याबरोबर ते दुखलंही, पण दुखायला वेळ नव्हता, दहा वाजून पस्तीस झाले होते.

त्यांनी ठकूला खांद्यावरून खाली घेतलं, छातीच्या मध्यावर, तिचा कान त्यांच्या हाडावर येईल असं, आणि तोंड मिटून ते घुमायला लागले. गाणं नव्हे. गाणं येतं कुठे? यंत्र. मोठं यंत्र पूर्ण वेगाला पोचलं की त्याचा जो एक खालचा, जाड, न थांबणारा सूर लागायचा, तो. कानानं तो त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, पण छातीला तो पाठ होता. श्वास संपला की नाकानं घेत आणि पुन्हा तोच सूर धरत, जराही वर नाही, जराही खाली नाही. ठकू रडता रडता थबकली. त्यांनी खाली पाहिलं नाही. अशा वेळी यंत्राकडेही बघायचं नसतं, हात ठेवायचा फक्त. आणि हाताखाली एकेक गोष्ट सुटत गेली. आधी मान. मग तिची घट्ट मिटलेली मूठ त्यांच्या सदऱ्यावरून घसरली. मग पाठीतला तो ताण, जो इतका वेळ तारेसारखा होता, तो गेला, आणि मग जे झालं ते त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. ती जड झाली. तेवढीच पोर, तेवढंच दूध प्यायलेली, पण हातात एकदम पावशेरानं वाढली. झोपेला वजन असतं. फोरमनना मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, खिडकी उघडून खालच्या चांभाराला सांगावंसं वाटलं. सूर मात्र त्यांनी सोडला नाही.

आता खाली ठेवायचं. इथंच सगळे मार खातात हे त्यांनी पाहिलं होतं. मुलगा तिला झोपलेली आणायचा आणि पाठ टेकताच ती टक्क जागी. ते कठड्याशी आले आणि थांबून शंभरपर्यंत आकडे मोजले, घुमता घुमताच. डोकं शेवटी. कागदाचं मोठं रीळ बसवतानाही तोल सुटू द्यायचा नाही, एक टोक टेकलं की दुसरं. आधी तिची पावलं गादीला लागू दिली. मग ढुंगण. मग पाठ, मणक्यामणक्यानं. मग डोकं, तळहातासकट, आणि तळहात तिथंच राहू दिला. ठकूचे दोन्ही हात एकदम हवेत उडाले. फोरमनचा सूर तुटला. त्यांनी दुसरा तळवा तिच्या छातीवर ठेवला, नुसता ठेवला, आणि पुन्हा घुमायला लागले. हात हळूहळू खाली आले. ओठ चोखल्यासारखे हलले. मग तेही थांबले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दहा बावन्न.

त्यानंतर ते तिथून हललेच नाहीत. हलणार कसे? आवाजावर त्यांचा भरवसा नव्हता. ती जागी झाली तर रडून कळणार नव्हतं, हातानंच कळणार होतं. म्हणून ते पलंगाशेजारी चटईवर बसले, कठड्याच्या दोन गजांतून हात घातला आणि दोन बोटं तिच्या पोटावर टेकवून ठेवली. बोटं वर, बोटं खाली. खांदा भरून आला, पायाला मुंग्या आल्या, नाक खाजलं. त्यांना इतकं छान पूर्वी कधी वाटलं होतं ते आठवून पाहिलं तर चटकन काही हाताला लागेना. स्वयंपाकघरात ओट्यावर त्यांचा फोन पडला होता आणि तो गेला अर्धा तास वाजत होता, पण ते त्यांना पुढे कळलं.

बारा वाजायला दहा मिनिटं कमी असताना बाहेरचं दार उघडलं. आतल्या खोलीच्या दारातून बाहेरच्या खोलीचा एक पट्टा दिसे, तेवढ्यात फोरमनना मुलगा दिसला. कामाच्या कपड्यांत, कोपरापर्यंत ग्रीस, चेहरा पांढराफटक. धावत जिने चढून आला असणार. त्यानं बायकोचा निरोप वाचला असेल, बापाला फोन लावले असतील, पुन्हा लावले असतील. पण घराच्या आत पाऊल टाकताच त्यानं जे केलं ते पाहून फोरमनची बोटं जागच्या जागी गोठली. त्यानं दार किंचित वर उचलून धरलं आणि मग लोटलं. कडी अंगठ्यानं दाबून बसवली. वाकून बूट काढले, खाली न ठेवता हातात घेतले. दारापासचं एक पाऊल भिंतीला अगदी लागून टाकलं, मग लांब ढांग, मधल्या दोन डुगडुगत्या फरश्या ओलांडून, मग पुन्हा भिंतीकडे. जिवाच्या आकांतानं आलेला चाळिशीचा माणूस, आणि त्याची पावलं मांजरीसारखी पडत होती. तो विचार करून तसं करत नव्हता. त्याचे पायच तसे पडत होते. फोरमन याच घरात त्याच्याबरोबर जन्मभर राहिले होते आणि हे चालणं त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? ते चालणं व्हायचं तेव्हा ते झोपलेले असत.

मुलगा दारात आला. आधी पलंग पाहिला, मग गजांतून गेलेला बापाचा हात, मग ती दोन बोटं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू परत आला. तो खाली बसला, बापासमोर, ओठ नीट दिसतील असा, आणि आवाज न करता म्हणाला, "केव्हापासून?"

"दहा बावन्न," फोरमन म्हणाले. मग त्यांनी मुलाच्या हातातल्या बुटांकडे मान हलवली. "रोज असा यायचास?"

मुलाला कळायला वेळ लागला. त्यानं बुटांकडे पाहिलं, जणू ते हातात कोणी दिले होते, आणि कसनुसा हसला. "सवय," म्हणाला. मग तक्रार म्हणून नाही, गंमत सांगावी तसं सांगू लागला. दुसरीत असताना त्याचा पुढचा दात शाळेत पडला होता, तो काडेपेटीत घालून पळत आणला. आईनं खूण केली, आत्ता नाही. तर तो जिन्यावर बसून राहिला, चार वाजेपर्यंत, मधूनमधून पेटी उघडून बघत. फोरमननी विचारलं, मग दाखवलास? मुलगा म्हणाला, दाखवला की, तुम्ही म्हणालात वा. फोरमननी डोकं खूप ताणलं. दात आठवेना, काडेपेटी आठवेना, आपण वा म्हटलेलंही आठवेना. थाप मारावी असं एकदा मनात आलं. पण तसं करवेना. "मला नाही रे आठवत," ते म्हणाले.

"असू दे," मुलाचे ओठ म्हणाले. "मला आठवतंय ना."

मग तो भिंतीला टेकला. पाच महिन्यांचं जागरण, सकाळपासूनचा तो खड्डा, आणि आत्ताचा हा जिवाचा घोर उतरलेला. काळोख्या खोलीत त्याची हनुवटी दोनदा छातीवर पडली, तिसऱ्यांदा तो आडवा झाला, चटईच्या उरलेल्या अर्ध्या भागावर, पाय बाहेर फरशीवर, बूट उशाशी. फोरमननी मोकळा हात लांब केला. जरा घुटमळले. मग तो मुलाच्या दंडावर सपाट ठेवला. ग्रीस लागलं. आणि थोड्या वेळानं, अगदी ओळखीच्या रीतीनं, तो दंड जड झाला. याला आपण आयुष्यात कधी झोपवलं नव्हतं. आज झोपला. एक हात इकडे, एक तिकडे, मध्ये आपण, आणि बाहेर लखलखीत दुपार. फोरमनना आनंदानं धड बसवेना.

मुलाच्या खिशात उजेड चमकला. फोन. त्यांनी दोन बोटांनी तो ओढून काढला. सुनेचं नाव. कोर्टाची जेवणाची सुट्टी झाली असणार. कानातलं यंत्र बाहेर बशीत होतं आणि आता जागचं उठणं शक्य नव्हतं. त्यांनी फोन घेतला आणि तोंडाशी धरला.

"मी बोलतोय, बाबा. मला काही ऐकू येत नाहीये, तेव्हा तू बोलू नकोस, नुसतं ऐक. लिहून घे हवं तर. दहा बावन्नला झोपली. अजून झोपलीय. खिडकीला घोंगडी लाव, पडदा उपयोगाचा नाही. हलवायचं नाही तिला. छातीवर घ्यायचं आणि एकच सूर. जड झाली की शंभर मोजायचे, आधी पाय टेकवायचे, डोकं सगळ्यात शेवटी, मी तुला दाखवीन. तो पण आलाय. तो पण झोपलाय. दोघं झोपलीत. तुझ्या आईला सांग घाई करू नकोस, पाय बरा होऊ दे, आणि तू तिथंच..."

समोर मुलगा डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवत होता. म्हणजे आपण कुजबुजत नव्हतो, चांगले खणखणीत बोलत होतो. फोरमननी वाक्य तिथंच गिळलं. ठकूचं पोट बोटांखाली एकदा थांबलं. मग उचललं गेलं, मग खाली आलं. मुलाचा हात ओठांवरून गळून पडला.

फोन अजून उजळलेलाच होता. पलीकडे ती काय म्हणत होती, म्हणत होती की नाही, रडत होती की हसत होती, कळायला मार्ग नव्हता. फोरमननी क्षणभर विचार केला आणि मग फोनचा हात वरून, कठड्यावरून आत घातला आणि तो ठकूच्या गालापासून वीतभर अंतरावर, हवेत, तसाच धरून ठेवला. तिचा श्वास त्यांना काही ऐकू येत नव्हता. सुनेला येईल.